नऊ मिलिमीटर

मी मांद्र्याचा मेस्त. दारं, मखरं, माटोळीच्या चौकटी,
दशावतारी मंडळांच्या पेट्या,
सांगितलंच कुणी तर शवपेटी, रात्रीतून.
काटकोन हे माझं पोट.
आणि हा इनास, शिवोलीच्या रेंदेराचा पोर,
कागदावर कलिंगडाची फोड काढून घेऊन आला:
मेस्त, लाल काढून टाक,
साल तेवढी मला बनवून दे.

तीन मीटर गोलाई. तिच्यावर अर्धा मीटर उभं.
उभं म्हणजे किती उभं, मी विचारलं.
म्हणाला, तुझा ओळंबा सोड.

नऊ मिलिमीटरचं प्लायवूड, दोन थर,
ओल्या गोणपाटाखाली रात्रभर निजवलं
तेव्हा कुठं वाकलं.
काठाला लोखंडी पाइप, गावच्याच प्लंबरकडचा.
मी उंबऱ्याला लावतो तसा
तो त्या पाइपाला हात लावायचा, मगच चाकांवर उभा राहायचा.

त्याचा बाप दिवसातून तीनदा माडावर.
कमरेला काती, पाठीला दुधिणं,
खाचेत अंगठा, खाचेत अंगठा,
वर सूर काढायची, खाली कुणाला तरी ओरडून
घरी काय शिजलंय ते विचारायचं, उतरायचं.
उंची ही त्या घरात नोकरी होती.
पोराला तिथं फक्त सेकंदभर जायचं होतं,
तेही मोकळ्या हातांनी.
तिथून आणतोस काय, बाप विचारी
आणि खरंच त्याच्या तळव्यांकडे बघे.

शिकला तो वागातोरला, बंद पडलेल्या हॉटेलच्या
कोरड्या तलावात. आधी बेडूक हाकलायचे, मग शेवाळ पुसायचं.
पुढचं माझ्या वहीत आहे:
जून, चार शीट, डावीकडे, फुगल्या.
जानेवारी, एक शीट, खोपराखाली तडकली.
पैसे मिळाले, ओसाकाहून आल्यावर.
पैसे बाकी, खांदा.
एका वर्षी पानभर काहीच नाही,
त्या वर्षी बूटवाल्या कंपनीनं त्याला जगभर फिरवलं
आणि फळीखाली त्याचं नाव छापलं, स्पेलिंग चुकवून.

पाचशेचाळीस, तो म्हणायचा.
मी बोटांवर मोजलं: सहा काटकोन.
माझे सहा, आयुष्यभर लाकडात पुरलेले,
तो हवेत एका दमात फिरवून परत पायांखाली ठेवायचा.
मी खाली तोंडात स्क्रू धरून उभा,
गिळेन की काय अशी भीती.

मार्सेयला आठ मांडले होते.
सात झाले.

गुडघ्यात आता त्याच्या माझ्यापेक्षा जास्त स्क्रू.
एकोणचाळिसाव्या वर्षी पोरांना शिकवायचा,
पहिला महिना चाक नाही, नुसतं पडायचं,
गुडघ्यांवर, घसरत, परत वर चढून परत.
नाईकांची मयूखा कंटाळून रडली.
माझा बाप कधीच पडला नाही, तो तिला म्हणाला,
म्हणून न्हाणीत एकदा पाय घसरला तर
काय करायचं ते त्याला सुचलंच नाही.

जमीन विकली गेली. कुणाला, कळत नाही, नावाआधी एलएलपी की काय ते आहे.
मोडायला मलाच बोलावलं.
बारा पावसाळे दुरुस्त केलं, पण मी वर कधी गेलो नव्हतो.
परवा शिडी लावून गेलो. बसलो काठावर, पाय सोडून.
खाली बघितल्यावर पोटात कालवलं,
म्हणून खिशातला ओळंबा काढला
आणि पाइपावरून दोरी सोडली.
हलला, हलला, थांबला.
दोन सूत.
आत झुकलं होतं, पहिल्या दिवसापासून.

माहीत आहे, इनास म्हणाला. तो वाकडा पाय पुढे करून
माझ्या शेजारी बसला होता. पाठीला कळतं.
अरे, मग बोलला का नाहीस?
तो हसला. तू सरळ केलं असतंस, मेस्त.

ऊन चढायच्या आत डावीकडच्या अकरा शीट सोडवल्या.
भिंतीला टेकवल्यात. वर चिरे ठेवलेत.
सरळ होत नाहीत.